केबिन मोटारबोटीत जादा बर्थ : मोजमापापासून पहिल्या रात्रीपर्यंत

सातारा जिल्ह्याला समुद्रकिनारा नसला, तरी बोट या जिल्ह्याला परकी नाही. कोयना धरणामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयावर बामणोली आणि तापोळा येथून सुटणाऱ्या लाँचा येथील लोक कित्येक वर्षे पाहत आले आहेत. नवी आहे ती स्वतःची २४ ते २८ फुटी केबिन मोटारबोट घेऊन कुटुंबासह रात्र पाण्यावर काढण्याची हौस. अशा बोटींत बहुधा पुढच्या निमुळत्या भागात दोघांची झोपण्याची सोय असते आणि मध्ये टेबलासह समोरासमोर बाके असतात. मुले मोठी झाली किंवा सोबत एखादे पाहुणे आले, की तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या माणसाला झोपवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक जण टेप घेऊन सहा फूट लांबीची मोकळी जागा शोधू लागतात. लांबी थोड्या खटपटीने सापडते. झोपलेल्या माणसाला रात्रभर मोकळी हवा मिळणे आणि अंधारात, घाईत, कोणाच्या अंगावरून न जाता बाहेर पडता येणे, या दोन गोष्टी मात्र सहज सापडत नाहीत. ज्या जागेला हवा आणि वाट नाही, ती जागा कितीही ऐसपैस असली तरी सामानासाठीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच कसोटीवर लावलेल्या आहेत.

बोट रात्री कोठे थांबणार

हे आधी ठरवावे, कारण त्यावरून सामानाची निवड बदलते. शिवसागराचा वासोट्याकडचा काठ कोयना अभयारण्यात मोडतो. तेथे वन विभागाच्या परवानगीने दिवसा जाता येते, परंतु मुक्काम करता येत नाही. जलाशयावर अन्यत्र बोट लावून रात्र काढायची असेल, तर संबंधित कार्यालयांकडून लेखी परवानगी आधी हाती असावी. साताऱ्याकडच्या बोटमालकाला दुसरा सोयीचा पर्याय म्हणजे ट्रेलरवर बोट घालून पाटणवरून कुंभार्ली घाट उतरणे आणि चिपळूणखाली वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळच्या दिशेने जाणे. गंमत अशी, की कोयनेचे वीजनिर्मितीला वापरलेले पाणीही घाटाखाली उतरून वाशिष्ठीलाच मिळते.

गोड्या पाण्यावरच राहणाऱ्या बोटीला ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि बिजागऱ्या पुरतात. खाडीत उतरणाऱ्या बोटीला ३१६ प्रतीचेच घ्यावेत. लाकडाचा हिशेब मात्र उलटा आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी, विशेषतः छतातून झिरपणारे पावसाचे पाणी, लाकूड लवकर कुजवते, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. महाबळेश्वर-तापोळ्याच्या पावसात उभी राहणारी बोट असेल, तर प्लायवूडच्या कडा बंद करण्यात कसूर करू नये.

माणसे आणि वजन

बोटीच्या कारखान्याने लावलेल्या पट्टीवर जास्तीत जास्त माणसांची संख्या लिहिलेली असते. जादा बर्थ केल्याने ती संख्या वाढत नाही. हिशेब करताना प्रत्येक प्रौढ माणूस ७५ किलोचा धरावा आणि त्यात सुतारकामाचे वजन मिळवावे. १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा, ६ फूट बाय २ फूट तुकडा साधारण १३-१४ किलो भरतो, तर १२ मिलिमीटरचा ९ किलोच्या आसपास. त्यावरची ४ इंची, ४० डेन्सिटीची (घनमीटरला ४० किलो भरणाऱ्या) फोमची गादी सुमारे ५ किलोची होते. म्हणजे एका बर्थचे सामान वीस किलोंच्या आत बसते आणि खरा भार माणसाचाच असतो. तो भार जितका खाली राहील तितकी बोट स्थिर राहते. म्हणून प्रौढांच्या जागा खाली आणि वरचा बर्थ केला तर तो मुलासाठी, हा क्रम पाळावा. शिवाय सगळे बर्थ एकाच बाजूला केले, तर रात्रभर बोट त्या अंगाला कललेली राहते आणि त्या बाजूच्या कोणाला नीट झोप लागत नाही.

मापे घेणे आणि साचा काढणे

प्रौढ माणसाला बर्थची लांबी किमान ६ फूट ३ इंच असावी, खांद्यापाशी रुंदी २४ ते २६ इंच असावी, पायांकडे १८ इंच चालतात. दोघांच्या बर्थला खांद्यापाशी ४८ इंचांपेक्षा कमी रुंदी देऊ नये. गादीच्या वरच्या पातळीपासून छतापर्यंत ३६ इंच असतील तर माणूस उठून बसू शकतो. २० इंचांपेक्षा कमी उंचीत कूस बदलणेही कठीण होते. या मापांवर विसंबण्यापूर्वी ज्याला तेथे झोपायचे आहे त्याला प्रत्यक्ष आडवे करून पाहावे, कारण उंच माणूस पाय मुडपून झोपणारा असेल तर लांबीपेक्षा रुंदीची गरज अधिक भासते.

सुताराची लेव्हल पाण्यावरच्या बोटीत निरुपयोगी ठरते, हे साताऱ्याच्या वर्कशॉपमधील कसलेल्या मिस्त्रीलाही सांगावे लागते. बोट तरंगत असताना कोणी एक पाऊल सरकले तरी बुडबुडा हलतो. बोट ट्रेलरवर असताना आधी तिची पाण्याची रेषा, म्हणजे तरंगताना पाणी जेथपर्यंत येते ती रेषा, चारही बाजूंनी समपातळीत आणावी, ट्रेलरखाली ठोकळे देऊन ती स्थिर करावी आणि मगच लेव्हल वापरावी. ते शक्य नसेल, तर केबिनमधील एखादी पक्की आडवी भिंत किंवा मूळचे बाक आधार मानून सर्व मापे तेथून घ्यावीत. बोट उभी असताना नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, किंचित वर उचललेली राहत असेल, तर उशीची बाजू त्या उंच अंगाला ठेवावी.

बोटीची बाजू कोठेही सरळ नसते, त्यामुळे फूटपट्टीने कापलेली फळी बसत नाही. जाड पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून बाजूच्या वळणाला टेकवत न्याव्यात आणि असा पूर्ण साचा तयार करावा. तो साचा घेऊन प्लाय कापण्याचे काम साताऱ्यात, कराडला किंवा सांगलीत निवांतपणे करता येते. मात्र कापण्यापूर्वी केबिनच्या दाराचे माप घ्यावे. सहा फुटी अखंड फळी वर्कशॉपमध्ये देखणी दिसते आणि बोटीच्या दारातून आत जात नाही. बर्थची फळी दोन किंवा तीन तुकड्यांत केल्यास ती आत जाते आणि पुढे खालच्या कप्प्यातील वस्तू काढतानाही एकच तुकडा उचलावा लागतो.

टेबल खाली घेऊन केलेला बर्थ

समोरासमोर बाके असलेल्या बोटीत सर्वांत आधी हाच मार्ग पाहावा. यात नवी जागा अडत नाही, वजन खाली राहते आणि दाराची वाट जवळ असते. उदाहरणादाखल प्रत्येक बाक २० इंच खोल आणि दोन्हींच्या मध्ये २८ इंचांचे अंतर आहे असे समजू. टेबल मध्ये खाली बसवले, की एकूण लांबी ६८ इंच, म्हणजे ५ फूट ८ इंच होते. एवढ्यावर अनेक जण हा विचार सोडून देतात. परंतु दोन्ही बाकांच्या पाठीला ४-४ इंची गाद्या असतात. रात्री त्या काढल्या, की लांबी ७६ इंच होते आणि सहा फुटी माणूसही पाय पसरून झोपतो. काढलेल्या त्या पाठीच्या गाद्या १४-१४ इंच उंचीच्या असतील, तर दोन्ही मिळून मधल्या २८ इंचांच्या टेबलावर नेमक्या बसतात. नव्या गाद्या शिवायच्याच असतील, तर पाठीची उंची आणि जाडी हाच हिशेब डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी. बाकाची रुंदी ४२ इंच असेल, तर एक प्रौढ आणि एक मूल अशी सोय होते.

टेबलाचा भार पेलण्यासाठी दोन्ही बाकांच्या समोरील फळीवर एक इंच बाय दीड इंच मापाची सागवानी पट्टी आतून आधार देऊन, चिकटवून आणि स्क्रूने आवळून बसवावी. पट्टीची वरची कड बाकाच्या फळीच्या वरच्या पातळीपेक्षा टेबलाच्या जाडीइतकी खाली असावी, म्हणजे टेबल आणि बाक एका पातळीत येतात. येथे तीन-चार मिलिमीटरचा फरक राहिला तरी रात्री तो कमरेला जाणवतो. टेबलाचा माथा १८ मिलिमीटर मरीन प्लायचा असावा. १२ मिलिमीटरचा घ्यायचाच असेल, तर मधोमध खालून एक आडवी पट्टी द्यावी, अन्यथा तो वाकतो. टेबल मोजून पाव इंच आखूडच ठेवावे, कारण पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि घट्ट बसलेले टेबल उचलता उचलत नाही. वरखाली होणारा एकच मधला पाय असला, तरी भार बाजूच्या पट्ट्यांवरच पडला पाहिजे. पायाची कळ रात्रीत सुटली तर टेबल जागचे हलू नये. टेबल सरकू नये म्हणून दोन टोकांना लहान कड्या लावाव्यात.

ओढून रुंद होणारे बाक

एका बाजूला लांब बाक असेल आणि ते बसायला पुरेसे पण झोपायला अरुंद असेल, तर फळीऐवजी पट्ट्यांची रचना करावी. मागच्या आधाराला काही पट्ट्या कायमच्या जोडाव्यात आणि त्यांच्या मधल्या फटींत बसणाऱ्या दुसऱ्या पट्ट्या समोरच्या आडव्या दांड्याला जोडाव्यात. दांडा पुढे ओढला, की सरकत्या पट्ट्या स्थिर पट्ट्यांमधून बाहेर येतात आणि २२ इंचांचे बाक ३६ इंचांपर्यंत रुंद होते. पट्टी पाऊण इंच जाड आणि पावणेदोन इंच रुंद असेल, तर फट दोन इंचांची ठेवावी. पूर्ण ओढल्यावरही दोन्ही पट्ट्या किमान ८ इंच एकमेकींच्या बाजूला राहिल्या पाहिजेत आणि त्यापुढे दांडा जाऊ नये म्हणून आतून अडसर ठेवावा. पुढच्या दांड्याला दोन दुमडते पाय अनिवार्य आहेत. त्यांच्याशिवाय पहिला माणूस कडेवर बसताच सारा भार पट्ट्यांच्या टोकांवर येतो. या रचनेचा न मागता मिळणारा लाभ म्हणजे गादीखाली हवा खेळते.

वरचा बर्थ

मुलासाठी वर जागा करायची असेल, तर दोन नळ्यांमध्ये ताणलेल्या जाड कॅनव्हासचा बर्थ सर्वांत हलका पडतो. स्टेनलेस स्टीलची नळी दीड इंची आणि २ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची घ्यावी. एक इंची पातळ नळी दुकानात मजबूत वाटते, पण सहा फुटांच्या अंतरावर माणूस धपकन बसला की ती कायमची वाकण्याची शक्यता असते. कॅनव्हासच्या दोन्ही कडांना नळी जाईल असा नेफा दुहेरी शिलाईने शिवून घ्यावा आणि एका बाजूच्या नळीला दोन-तीन उंचींवर अडकवता येईल अशा खाचा भिंतीवर द्याव्यात, म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो आणि दिवसा सर्व गुंडाळून ठेवता येते.

रेल्वेच्या डब्यातील मधल्या बर्थप्रमाणे बिजागरीवर दुमडणारी फळीही करता येते, मात्र तिला भिंत पक्की लागते आणि वजन वाढते. कोणताही वरचा बर्थ असो, उघड्या बाजूला १४ ते १६ इंच उंचीचे कापड बांधावे. शेजारून दुसरी बोट वेगाने गेली, की तिच्या लाटेने झोपलेले मूल खाली घरंगळू शकते.

मागच्या उघड्या डेकवर कनात लावून झोपणे खर्चाने स्वस्त असले, तरी मी त्याला शेवटचा पर्याय मानतो. दव आणि डास हे कारण आहेच. शिवाय तेथे कठडा उंच नसतो आणि झोपेत उठलेला माणूस थेट पाण्यात जाऊ शकतो. कृष्णाकाठच्या सांगलीकरांना आणि वाशिष्ठीकाठच्या चिपळूणकरांना पाण्यात पाय सोडून का झोपू नये, हे निराळे सांगायला नको. मगरी दोन्हीकडे आहेत.

प्लाय, जोड आणि चिकटवण

प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्यावे. या प्रतीच्या प्लायच्या जोडांची ७२ तास उकळत्या पाण्यात परीक्षा घेतली जाते. घरगुती कपाटांसाठी मिळणारे साधे कमर्शियल प्लाय दिसायला सारखेच असते, पण दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला इपॉक्सीचे (दोन घटक मिसळून लावायच्या, सुकून कडक होणाऱ्या चिकटवणाचे) दोन-तीन हात द्यावेत. हे काम पावसाळ्यात काढू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की इपॉक्सी नीट सुकते आणि लाकूडही आपल्या मूळ मापावर असते.

बोटीच्या फायबरच्या बाहेरील भिंतीत स्क्रू कधीही मारू नये. पाण्याच्या रेषेखाली मारलेला एक स्क्रू म्हणजे गळतीला दिलेले आमंत्रण होय. आधाराची पट्टी भिंतीला धरायची असेल, तर आतील रंग घासून मूळ फायबर उघडे करावे, पट्टी इपॉक्सीने टेकवावी आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंच पसरेल अशी ग्लास कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवावी. जुन्या पॉलिस्टर फायबरवर इपॉक्सीची पकड पॉलिस्टरपेक्षा चांगली बसते. फळीची टोकदार कड थेट बाहेरच्या भिंतीवर टेकू नये, मध्ये फोमची पातळ पट्टी ठेवावी, नाहीतर त्या रेषेवर बाहेरून तडा दिसू लागतो. फायबर घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तोंडाला रुमाल न बांधता योग्य मास्क वापरावा.

नवी फळी बसवताना इंजिनावरचे झाकण, बॅटरीचा स्विच, तळातील पंप आणि पाण्याचे व्हॉल्व्ह झाकले जात नाहीत ना, हे पाहावे. झोपलेल्याला उठवून गादी उचलल्याशिवाय जो व्हॉल्व्ह बंद करता येत नाही, तो ऐन वेळी बंद होत नाही.

गाद्या

४० डेन्सिटीचा ४ इंची फोम पुरेसा आहे. तुकडे दाबून बनवलेला जड फोम स्वस्त असला तरी तो पाणी धरून ठेवतो. बोटीच्या बाजूला लागणारी गादीची कड त्या उताराप्रमाणे तिरकी कापून घ्यावी, हे कुशनवाल्याला साचा दाखवूनच सांगावे. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापला, की खोळ सुरकुतत नाही. वरच्या बाजूला सुती किंवा जाळीदार कापड आणि खाली जाळी असावी. रेक्झिनवर रात्रभर घाम येतो. चेन नायलॉनची घ्यावी. अखंड फळीवर गादी ठेवायची असेल, तर फळीला सहा-सहा इंचांवर एक इंची भोके पाडावीत. घरून आणलेल्या गोधड्या उबेला उत्तम असतात, पण त्या ओल लवकर ओढतात, म्हणून सकाळी त्या उन्हात टाकल्याशिवाय कप्प्यात कोंबू नयेत.

हवा, विषारी वायू आणि वाट

झोपलेल्या प्रत्येक माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत जाते. डिसेंबरमध्ये बामणोलीच्या थंडीत चार माणसे दारे-खिडक्या लावून झोपली, तर पहाटे छतावरून थेंब गळू लागतात. हवा आत येण्याची एक आणि बाहेर जाण्याची दुसरी, अशा दोन वाटा प्रत्येक झोपण्याच्या जागेला असाव्यात आणि त्या पाऊस असतानाही उघड्या ठेवता येतील अशा असाव्यात. डासांच्या जाळीने हवा बरीच घटते, म्हणून जाळी लावल्यास हवेच्या वाटेचे माप वाढवावे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन, जनरेटर, शेगडी यांतून तो निर्माण होतो आणि शेजारी लावलेल्या बोटीच्या धुरातूनही आत येऊ शकतो. डोके दुखणे आणि मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे बोट लागण्यासारखीच असल्याने माणूस फसतो. कोणी झोपलेले असताना इंजिन, जनरेटर किंवा शेगडी चालू ठेवू नये आणि प्रत्येक झोपण्याच्या कप्प्यात उशीच्या उंचीवर बोटीसाठी बनवलेला अलार्म लावावा. त्यावरील मुदतीची तारीख संपली, की तो बदलावा. स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. म्हणून सिलिंडर बर्थखालच्या कप्प्यात कदापि ठेवू नये.

पुढच्या भागात झोपणाऱ्याला आगीच्या वेळी मागच्या दाराकडे येता येत नाही, कारण इंजिन आणि शेगडी बहुधा त्याच वाटेवर असतात. त्याच्या डोक्यावर छतात झाकण हवे आणि ते गोल असल्यास किमान ४५ सेंटिमीटर व्यासाचे हवे. ते आतून, अंधारात, हत्याराविना उघडले पाहिजे. नव्या बर्थमुळे त्या झाकणाखाली उभे राहायला पाय टेकवायची जागा गेली असेल, तर एक पायरी द्यावी. लाइफ जॅकेट माणशी एक, हात पोहोचेल तेथे टांगावे. गादीखाली ठेवलेले जॅकेट काढायला आधी त्यावरचा माणूस उठवावा लागतो.

कागदपत्रे आणि पहिली रात्र

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी होते. कायमस्वरूपी बदल केला असेल, तर तो नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी कळवावा.

पहिली चाचणी दिवसा, काठाला बांधलेल्या बोटीत घ्यावी. सर्वांनी आपापल्या जागी आडवे व्हावे आणि एकाने बाहेरून पाण्याची रेषा पाहावी. मग डोळे बांधून प्रत्येकाने बाहेर यावे. जो कोणाच्या अंगावर पडला किंवा झाकणाची कडी शोधत राहिला, त्याच्या जागेत बदल हवा. खाडीत मुक्काम असेल, तर नांगर टाकण्यापूर्वी ओहोटीला तेथे किती पाणी उरते ते पाहावे. भरती ओसरायला सुमारे सहा तास लागतात आणि मध्यरात्री चिखलात टेकून कललेल्या बोटीत खालच्या अंगाचे सर्व जण भिंतीवर गोळा होतात. शिवसागरात पाणी उतरत जाते तसे बुडालेले बुंधे वर येतात, तेव्हा जागा उजेडातच निवडावी. पहिल्या रात्रीनंतर सकाळी सगळ्या गाद्या उचलून खाली हात फिरवावा. जेथे ओल लागेल तेथे भोके वाढवावीत, जो स्क्रू सैल झाला असेल तो काढून भोक इपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर नव्याने पाडावे. फळ्यांना शेवटचा वॉर्निशचा हात या दुरुस्त्या झाल्यावरच द्यावा.